मुलाकडची माणसं

इंटर सायन्सचा निकाल लागला त्या दिवशी जोतीराम मास्तरांनी भाचीच्या हातावर पेढा ठेवला, आणि ती तो खात असतानाच तिच्या मार्कांची बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. बेरीज बरोबर निघाली. मास्तरांना वाईट वाटलं. सांगलीच्या हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने कुणाची तरी बेरीज चुकली असेल अशी आशा धरावी, ही गोष्ट चांगली नव्हे. पण दर वर्षी जूनमध्ये ते धरत असत.

सेकंड क्लास होता. चांगला घसघशीत सेकंड क्लास. भाचीच्या, म्हणजे विजयमालेच्या, वडिलांकडच्या आणि आजोळच्या सगळ्या खानदानात मिळून असा क्लास कुणी पाहिला नव्हता, मुलग्यांनीसुद्धा नाही. तिच्या गावी, मलकापुरात, ही बातमी पोचली तेव्हा लोकांनी सेकंड म्हणजे पहिल्याच्या लगेच खालचा, म्हणजे गावात दुसरा नंबर, असा अर्थ लावून आनंद मानला. मुंबईच्या डॉक्टरी कॉलेजांच्या दारात मात्र फर्स्ट क्लासवाले बिऱ्हाड करून बसलेले असतात हे मास्तरांना ठाऊक होतं.

पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. दोन वर्षं ती त्यांच्याकडे राहून शिकली. कॉलेजात कापलेल्या बेडकाबद्दल ती जेवताना बोलायची आणि मास्तरांची बायको ताट घेऊन आत जायची. यावरून त्यांनी काय ते ओळखलं.

बाप लालासाहेब, पलटणीत हवालदार, सध्या इटलीत कुठेतरी. त्याचं पत्र यायचं ते सेन्सॉरच्या कात्रीतून, आणि कात्रीतून वाचलेला मजकूर एकच असायचा : दादा सांगतील तसं करावं. दादा, म्हणजे लालासाहेबाचे थोरले बंधू दादासो, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. यंदा डाक्टरीला जागा मिळाली तर पोर जाईल. न मिळाली तर मार्गशीर्षात वाळव्याच्या बागायतदार घरात जाईल. दोन्हीकडे पाठवायची त्यांची सारखीच तयारी होती. पोरीची नव्हती.

तेव्हा मास्तरांनी यादी करायला घेतली. ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं, कॉलेजच्या प्राध्यापकांना विचारलं, हळदीच्या पेठेतल्या एका अडत्यालाही विचारलं, कारण त्याचा जावई कंपाउंडर होता. सगळ्यांनी मुंबई सांगितली. दुसऱ्याच्या पोराला मुंबई सांगायला कुणाचंच काही जात नाही. शेवटी मास्तरांनी स्वतःच्या डोक्याने चार नावं लिहिली. वरची दोन मुंबईची, डिग्रीची. तिसरी पुण्याची शाळा. तिथे डिग्री नव्हती, लायसेन्शिएटचा चार वर्षांचा कोर्स होता, पण शेवटी डॉक्टरच. आणि चौथी तशीच एक शाळा, पार गुजरातेत. तिथे त्यांचा जुना विद्यार्थी आकाराम शिकत होता. त्याने कळवलं होतं की इथे विजूपेक्षा कमी मार्कांची पोरं बसलेली आहेत आणि बायकांसाठी जागा वेगळ्या ठेवलेल्या आहेत.

असली यादी खालून वर वाचायची असते. वरची नावं घरच्यांसाठी असतात, खालची पोरांसाठी. हे मास्तर कुणाला सांगत नसत, कारण फी भरणारे घरचे असतात.

प्रत्येक अर्जावर पालकाची सही हवी होती. यादी खिशात घालून, भाचीला बरोबर घेऊन मास्तर कऱ्हाडला उतरले आणि टांग्याने मलकापूरला गेले.

दादासो सोप्यात खाटेवर बसले होते. पहिल्या लढाईतले सुभेदार. पेन्शन घेऊन बरीच वर्षं झाली, पण बसायचे अजून कुणीतरी इन्स्पेक्शनला येणार असल्यासारखे. त्यांनी यादी हातात घेतली, लांब धरली, मग आणखी लांब धरली.

"मास्तर, ही चार नावं कसली?"

"चार ठिकाणी अर्ज करायचे, दादासो. एकीकडे नाही झालं तर दुसरीकडे."

"एकदम?"

"एकदमच."

दादासोंनी कागद खाटेवर उपडा ठेवला.

"तुमी शिकल्यालं मानूस म्हून इचारतो. तुमची भन आमच्या घरात दिली, तवा तुमच्या वडलांनी किती दारात बोलनी लावली हुती?"

"एकाच."

"आन् आमी न्हाई म्हटलं असतं तर?"

"तर दुसरीकडे बघितलं असतं."

"तर! आमचं न्हाई आल्यावर. आदी न्हवं. पोरीचं नाव एका वक्ताला एकाच दारात जातं, मास्तर. चार दारांत फिरलं की लोक म्हनत्यात, ही पोर कुटं खपंना."

"अहो, ही सोयरीक नाही. कॉलेज आहे."

"कागदावर नाव पोरीचंच हाय न्हवं?"

 नाव पोरीचंच होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"मुंबईला धाडा," दादासो म्हणाले. "मोठं घर हाय. ते न्हाई म्हनले की दुसरं. त्ये न्हाई म्हनले की तिसरं. रीतीनं."

"मुंबईचं उत्तर यायच्या आत बाकीच्यांची मुदत संपते."

"मग फुडल्या साली."

"पुढल्या साली ती वाळव्यात असेल."

"मग तर लयच बेस."

स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. मास्तरांची बहीण शालूबाई थोरल्या दिरांपुढे बोलत नसे. तिला काही म्हणायचं असलं तर ती लेकीला हाक मारून म्हणायची.

"विजे, मामास्नी इचार, आनिक चा ठेवू का. लय दमल्यात."

याचा अर्थ, भावा, हरू नकोस. मास्तरांना तो कळला. त्यांनी दुसरा चहा घेतला आणि गणिताने समजावून पाहिलं : एका घरी मिळण्याची शक्यता इतकी, चार घरी मिळून इतकी. दादासोंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी चार घरी न्हाई म्हनायची शक्यता बी चौपट की," ते म्हणाले.

तिसऱ्या चहाला मास्तरांच्या तोंडून ते निघालं. त्यांनी ठरवलं नव्हतं. फार दमलेला माणूस खोटं बोलतो असं नाही, पण सगळ्यात कमी चढाची वाट तो धरतो.

"पण दादासो, आपण मुलीकडचे आहोत कुठे?"

"म्हंजी?"

"असं बघा. कॉलेज जागचं हलतंय का? ते आपलं सजून बसलंय, कोण येतंय बघायला म्हणून. जाणार कोण? आपण. बघणार कोण? आपण. पसंत-नापसंत करणार आपण. मग आपण मुलाकडचेच झालो की."

दादासोंनी खाटेवरचा कागद बोटाने जवळ ओढला.  मग त्यांच्या मिशा हलल्या.

"आन् मुलाकडच्यांनी चार पोरी बघितल्या तर—"

"कोण नाव ठेवतंय?"

"चार? आवं, माज्यासाठी आमच्या बानं पार शिराळ्यापतोर पोरी बघितल्या! प्वाट बिघडलं हुतं समद्यांचं, पोहं खाऊन खाऊन." त्यांनी कागद उलटा केला आणि मांडीवर थाप मारली. "बायकूमानसाच्या डोक्यात न्हाई यायचं ह्ये. आना दौत."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. तो थोडा लवकर टाकला गेला.

कारण दादासो आता यादी मुलाकडच्या नजरेने वाचू लागले. मुंबईची दोन्ही घरं पसंत पडली. पुण्यावर जरा थबकले, पण पुणं म्हणून चालवून घेतलं. चौथ्या नावावर बोट टेकलं.

"ह्ये कोन?"

"गुजरातेतली शाळा आहे. तिथं नक्की—"

"डिग्री हाय?"

"नाही, पण पुण्याला तरी कुठे आहे?"

"पुनं त्ये पुनं. मुलाकडच्यांनी यवढं खाली उतरायचं? लोक म्हनतील, पोरात कायतरी खोट हाय." आणि त्यांनी त्या नावावर रेघ मारली. फौजी रेघ; कागद फाटला. "त्येच्या जागी लाहोर लिवा. माज्या मांडीतली गोळी तिथल्या सायबानं काडली. लय मोठं हास्पिटल."

मास्तर तोंड उघडून होते. हेच एक नाव खरं आहे, बाकीची तीन त्याच्या सोबतीला आणलीत, हे सांगायची वेळ ती होती. पण मुलाकडचे आहोत असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि मुलाकडच्यांची ऐट उतरवली तर मुलीकडची एका दाराची रीत परत येणार होती. शिवाय गाडीची वेळ झाली होती. त्यांनी लाहोर लिहिलं आणि सह्या घेतल्या.

रात्रीचा मुक्काम टाळून दोघं टांग्यात बसली. पाणंद ओलांडल्यावर विजयमालेने विषय काढला.

"मामा, खालचं नाव गेलं."

"बघितलं मी."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"तीन वाचली ना."

"कुठली तीन?" ती म्हणाली.

टांगेवाला घोड्याला काहीतरी बोलला. मास्तरांना ते आपल्यालाच बोलल्यासारखं वाटलं.

मुंबईच्या पहिल्या घराचा नकार छापील कार्डावर आला. दुसऱ्याचा तसाच, फक्त कार्ड जरा जाड होतं. लाहोरहून काहीच आलं नाही, आणि दादासो मात्र आठवड्याला निरोप धाडून लाहोरचं काय म्हणून विचारत राहिले. मग पुण्याचं बोलावणं आलं : उमेदवाराने अमुक दिवशी मुलाखतीस हजर राहावे.

विजयमाला ते घेऊन मलकापूरला गेली, आणि ते वाचून दादासोंनी आधी, ते इथं न येता आपल्याला कशाला बोलावतात, असा प्रश्न काढला. पण या वेळी दाराआडून शालूबाईनेच लेकीला सांगितलं, "विजे, पोरगी बघाया मुलाकडचीच जात्यात म्हनावं. पोरगी उठून येत न्हाई." तेव्हा त्यांचं समाधान झालं.

मास्तरांची सांगलीहून येणारी गाडी कऱ्हाडला आली तेव्हा दादासो पोरीला घेऊन फलाटावर उभे होते. कोशा पटका, कोटावर लढाईची पदकं, हात रिकामे. शालूबाईने दिलेली लाडवांची पुरचुंडी त्यांनी घरीच ठेवायला लावली होती. मुलाकडचे आपलं खाणं घेऊन हिंडत नाहीत. त्यामुळे विजयमालेने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि मास्तरांनीही. पुण्याला शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर तिघं बसून राहिली. आत-बाहेर करणाऱ्या शिपायाने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"पानी सुदिक इचारलं न्हाई," दादासो हळूच म्हणाले. "घरात बाईमानूस नसंल."

नाव पुकारलं तेव्हा शिपाई म्हणाला, फक्त उमेदवार. दादासो उठले, कोट खाली ओढला आणि पदकांसकट आत चालू पडले. त्या वर्षी पदकवाल्याला अडवायची कुणाची टाप नव्हती. मास्तर दारात उभे राहिले.

टेबलामागे तीन डॉक्टर होते. दादासोंनी त्यांना सलाम ठोकला आणि बसा म्हणायच्या आत बसले.

"पानी कुठलं पिता?" त्यांनी सुरुवात केली.

डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. मधले वयस्कर होते, त्यांना मजा वाटली असावी. "नळाचं," ते म्हणाले.

"पोरी किती हैत?"

"आहेत सात-आठ."

"गेल्या साली किती पास झाल्या?"

"सुभेदार, आम्हीही थोडं विचारू का?"

"इचारा की. पोरगा काय करतो, किती शिकलाय, ह्ये मुलीकडचे इचारत्यातच."

हा खुलासा डॉक्टरांना कळला नाही, पण त्यांनी तो सोडून दिला. मग इंग्रजीत प्रश्न सुरू झाले. बेडकाचं हृदय किती कप्प्यांचं. माणसाचं किती. शुद्ध रक्त कुठून कुठे. विजयमाला न अडखळता सांगत गेली. एका ठिकाणी तिने उलट विचारलं, आणि मधल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून तिला समजावलं. दारातले मास्तर भूक विसरले. होतंय की, त्यांना वाटलं. अरे, होतंय की!

"शेवटचं," बाजूचे डॉक्टर मराठीत म्हणाले. "चार वर्षं पुरी कराल ना? अर्ध्यात सोडून गेलात तर जागा वाया जाते."

विजयमालेने तोंड उघडलं. पण प्रश्न मराठीत होता, आणि मघापासून इंग्रजीमुळे गप्प बसलेले दादासो तयारीत होते.

"आवं, आमची पोर काय वाऱ्यावर पडल्याली न्हाई! वाळव्याचं घर दारात हुबं हाय. बागायतदार. मागनी त्येंनीच घातलीया. आमी हू म्हटलं की मार्गशीर्षात अक्षता!"

तिघा डॉक्टरांचे टाक एकदमच खाली ठेवले गेले.

"अस्सं," मधले म्हणाले. त्यांनी चित्राचा कागद उचलून बाजूला सारला. "ठीक आहे. आम्ही कळवू."

दादासो उठले नाहीत. ते मधल्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. मास्तरांनी शेवटी आत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

तिघं रस्त्यापलीकडे एका लिंबाखाली येऊन थांबली. दादासो पारावर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला.

"कळवू म्हनले, मास्तर."

"हो."

"मी बी लय जागी म्हटलंय. पुतन्यांसाठी, भाच्यांसाठी पोरी बघाया गेलो तवा. पोटभर पोहं खायचं, मिशा पुसायच्या आन् म्हनायचं, कळवू." त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "कवा कळवलं न्हाई."

"आबा," विजयमाला चुलत्यांना म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "तुम्ही वाळव्याचं कशाला सांगितलंत?"

"आगं, तुजं वजन वाढावं म्हून! मुलाकडच्यांनी सांगायचंच असतं, दुसरीकडनं बी मागनी हाय म्हून. म्हंजी मुलीकडचे गडबड करत्यात."

"पण आपण मुलाकडचे नव्हतो, आबा."

"न्हवतो?" त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "नव्हतो," ते म्हणाले. "सह्या मिळाव्यात म्हणून मी बोललो ते."

दादासो रागावतील असं मास्तरांना वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते पटक्याचा पदर बोटांनी सारखा करत राहिले.

"मग आता पोर वाळव्याला," ते म्हणाले. त्यात विजय नव्हता. पलीकडे शाळेच्या व्हरांड्यात दार उघडलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, आणि एक हडकुळा पोरगा बापाला बाहेरच ठेवून आत गेला. दादासोंनी त्या बापाकडे पाहिलं. तो दोन्ही हात जोडून, कुणाकडेही न बघता उभा होता.

"त्ये मी रेघ मारल्यालं," दादासो एकदम म्हणाले. "त्येंची मुदत गेली?"

"आकारामने कळवलंय, यंदा वाढवून शनिवारपर्यंत केलीय. पण आज गुरुवार. अर्जाचा फॉर्म तिथूनच आणायचा, भरून परत धाडायचा. टपालाने व्हायचं नाही."

"टपाल कशाला? पोरीकडचा मानूस सोता जातो." ते उठले. "मुंबईवरनंच जायचं न्हवं?"

"माझी शाळा सुरू झालीय, दादासो. रजा आजचीच आहे."

"तार करा. पोटात दुखतंय म्हना."

"ते खरंच दुखतंय," मास्तर म्हणाले.

"आधी जेवू या," विजयमाला म्हणाली, आणि या एका ठरावाला कुणीच हरकत घेतली नाही.

गुजरातच्या गाडीत बसायला जागा नव्हती. गोऱ्या-काळ्या पलटणींनी डबे भरले होते. दादासोंच्या पदकांमुळे एका शिपायाने त्यांना ट्रंकेवर बसवलं. त्यांनी तिथे पोरीला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. वाटेत ते एकदाच बोलले.

"वाळव्याला मी सोता जाऊन सांगतो. त्येंच्या तोंडावर. निरोप धाडून चालायचं न्हाई."

मास्तर उभ्याउभ्याच मान हलवत राहिले, गाडीच्या हिसक्याने की होकाराने, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी ते त्या शाळेत पोचले. बैठी पांढरी इमारत होती, आवारात शेळ्या चरत होत्या. ऑफिसात एक कारकून पानाचा तोबरा भरून बसला होता. दादासो त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले, अगदी मुलीच्या बापासारखे, मान थोडी वाकवून. कारकुनाने जोडलेल्या हातांकडे पाहिलंच नाही. फॉर्म दिला, भरलेला घेतला, मार्क वाचले, आणि तोंड वर करून, पान सांभाळत गुजरातीत काहीतरी बोलला.

"काय म्हनतोय?" दादासोंनी विचारलं.

"म्हणतोय," मास्तर म्हणाले, आणि नीट समजून घ्यायला त्यांनी कारकुनाला पुन्हा विचारलं. "म्हणतोय, बायकांच्या तीन जागा आहेत. यंदा एकाही बाईचा अर्ज आलेला नाही. हिचं नाव धरल्यात जमा. सोमवारी पैसे भरा."

"एक बी न्हाई?"

"एकही नाही."

दादासोंनी हात सोडले. त्यांनी ऑफिसाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे, खिडकीतून दिसणाऱ्या शेळ्यांकडे. त्यांच्या तोंडावर आनंद दिसेल म्हणून मास्तर वाट बघत होते, पण तिथे जे आलं ती कणव होती.

"कुनीच मागनी घातली न्हाई?" ते म्हणाले. "आन् चांगलं सोच्छ घर हाय की, मास्तर. साधं हाय. पर वंगाळ काय न्हाई." मग ते पोरीकडे वळले. लालासाहेबाचं पत्र, वाळव्याचं घर, मुंबई, लाहोर, पुणं, या सगळ्यात तिला कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "पोरी, तुला पसंत हाय का?"

"वसतिगृह बघू दे, आबा," विजयमाला म्हणाली. "चार वर्षं मला राहायचंय."

"बघू की. चल."

मास्तरही निघाले, पण दारातल्या पायरीवर जरा टेकले. ती दोघं वसतिगृह, विहीर आणि खानावळ बघून परत आली तेव्हा मास्तर खांबाला डोकं लावून झोपलेले होते, आणि एक शेळी त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होती.